पगार कुठल्या रकान्यात लिहायचा?



सेमिस्टर सुरू झालं की आपल्या ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी हा संवाद होतोच. मुलगी कॉलेजात फायनान्स शिकत असते, तिला ‘इन्व्हेस्टमेंट्स अँड पोर्टफोलिओ मॅनेजमेंट’ असा भारदस्त नावाचा विषय असतो, आणि बाबा फोनवर विचारतात, “मग, सांग बघू, कुठला शेअर घेऊ?” मुलगी म्हणते, “बाबा, तसलं काही शिकवत नाहीत.” बाबा मनातल्या मनात फीचा आकडा आठवतात आणि गप्प बसतात.

मुलगी खरं सांगत असते. मी आयटीत कन्सल्टंट आहे. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन न्यू जर्सीत एमबीए केलं आणि त्यात हा विषय दोन सेमिस्टर घेतला. कुठला शेअर घ्यावा, हे त्या दोन सेमिस्टरमध्ये कुणी सांगितलं नाही. पण एक विचार असा शिकवला, की त्यानंतर आपल्या मंडळींच्या घरातला जमाखर्च मला वेगळाच दिसायला लागला. आज त्याबद्दल बोलते. मी परवानाधारक आर्थिक सल्लागार नाही, हे आधीच सांगून ठेवते. विषय समजावून सांगणं एवढंच माझं काम.

पहिले तीन-चार आठवडे सगळीकडे सारखेच असतात. आजचा डॉलर आणि दहा वर्षांनंतरचा डॉलर यांतला फरक, व्याजदर वाढले की बाँडची किंमत का पडते, सरासरी परतावा कसा काढायचा, वगैरे. ज्यांनी स्टॅटिस्टिक्सचा पेपर नीट केलेला असतो त्यांना हे सोपं जातं. ज्यांनी तो कसाबसा पास केलेला असतो त्यांची इथे दमछाक होते. मुलांना हा विषय घ्यायचा असेल तर आधी स्टॅटिस्टिक्स पक्कं करायला सांगा, बाकी तयारी नसली तरी चालेल.

खरा विषय सुरू होतो तो हॅरी मार्कोविट्झपासून. हा शिकागो विद्यापीठात पीएचडी करत होता. लायब्ररीत जॉन बर विल्यम्सचं १९३८ सालचं पुस्तक वाचत बसलेला असताना त्याला एक शंका आली. पुस्तकाचं म्हणणं असं, की शेअरची किंमत म्हणजे पुढे मिळणाऱ्या डिव्हिडंडची आजची किंमत. मार्कोविट्झ म्हणाला, एवढंच खरं असेल तर ज्या शेअरमधून सगळ्यांत जास्त अपेक्षा आहे तो एकच घ्यावा आणि मोकळं व्हावं. पण शहाणा माणूस तसं करत नाही. तो चार ठिकाणी पैसे ठेवतो. का? कारण त्याला परतावा हवा असतो तशी धोक्याची धास्तीही असते. मग तो धोका मोजायचा कसा? १९५२ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये त्याचा ‘पोर्टफोलिओ सिलेक्शन’ हा लेख आला आणि त्यातून हा सगळा अभ्यासक्रम उभा राहिला. त्याच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी हे अर्थशास्त्रच नाही म्हणून अडवून धरलं होतं. पुढे १९९० साली याच कामासाठी त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या व्यवसायातल्या श्रोत्यांना आणखी एक गंमत सांगते. सिमस्क्रिप्ट नावाची सिम्युलेशनची जी जुनी प्रोग्रॅमिंग भाषा आहे, तीही याच मार्कोविट्झने रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना तयार केली.

त्याने दाखवलं ते असं. समजा दोन शेअर आहेत आणि दोघांची वर्षाची चढउतार २० टक्के आहे. ही चढउतार मोजायला स्टँडर्ड डेव्हिएशन वापरतात, शाळेत आपण त्याला प्रमाण विचलन म्हणायचो. निम्मे पैसे एकात, निम्मे दुसऱ्यात. एकूण चढउतार किती? आपण पटकन म्हणू, २०. पण ते तेव्हाच खरं, जेव्हा दोघे नेहमी एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर उत्तर येतं सुमारे १४. अर्धवट संबंध असेल, म्हणजे सहसंबंध ०.५ असेल, तर १७ च्या थोडं वर. एक वर गेला की दुसरा नेमका तेवढाच खाली येत असेल, तर शून्य. शेअर तेच, त्यांचे परतावेही तेच, फक्त ते एकमेकांच्या संगतीत कसे वागतात त्यावर धोका ठरतो. यालाच कोरिलेशन किंवा सहसंबंध म्हणायचं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी लावतात. सोयाबीन शंभर-एक दिवसांत काढणीला येतं, तूर पुढे दोन-अडीच महिने शेतात उभी असते. काढणीला आलेल्या सोयाबीनवर परतीचा पाऊस पडला की ते पीक हातचं जातं. तोच पाऊस माफक असेल तर त्या ओलीवर तूर तगते. दोन्ही पिकं एकाच शेतात आहेत, पण एकाच वेळी, एकाच कारणाने बुडत नाहीत. नुसती दोन पिकं लावून हे साधत नाही. सोयाबीनच्या दोन वेगवेगळ्या जाती लावल्या तर बियाण्याच्या पिशव्या दोन, पण पावसाच्या दृष्टीने पीक एकच.

आता या युक्तीला मर्यादा किती, हेही आकड्यांतच शिकवतात. २० टक्के चढउताराचे शेअर घ्या, त्यांचा आपसातला सहसंबंध सरासरी ०.३ धरा. असे २० शेअर सारख्या भागांत घेतले तर एकूण चढउतार ११.६ टक्क्यांवर येते. शंभर घेतले तर ११.१ वर. हजार घेतले तरी ती ११ च्या आसपासच राहते. म्हणजे धोक्याचा एक भाग जास्त प्रकार घेऊन निघून जातो आणि एक भाग काही केल्या जात नाही. पिवळा मोझॅक हा रोग सोयाबीनवर आला तर तुरीचं सहसा फारसं बिघडत नाही, हा पहिला प्रकार. बहात्तरचा दुष्काळ पडला तर कुठल्याच ओळीत काही उरत नाही, हा दुसरा. विल्यम शार्पने १९६४ साली यापुढचं पाऊल टाकलं. त्याचं म्हणणं, जो धोका सहज टाळता येतो तो अंगावर घेतल्याबद्दल बाजार कुणाला बक्षीस देत नाही. मोबदला मिळतो तो फक्त दुष्काळाच्या धोक्याचा. मुलं ज्याला ‘बीटा’ म्हणतात तो दुष्काळाशी असलेल्या या नात्याचाच आकडा.

हे वाक्य आपल्या कामाचं आहे, म्हणून पुन्हा सांगते. एकाच कंपनीचे शेअर गच्च भरून ठेवण्यात जो जादा धोका आहे, त्याचा जादा मोबदला मिळेल अशी अपेक्षा ठेवायला सिद्धांतात काहीही आधार नाही. कुणाला मिळाला असेल. सिएटलमध्ये, बे एरियात असे लोक आहेत आणि ते पार्टीत भेटतात. ज्यांना मिळाला नाही ते पार्टीत तो विषय काढत नाहीत.

मग गृहपाठ येतो. एक्सेलमध्ये दहा शेअरचे पाच वर्षांचे आकडे घ्या आणि सॉल्व्हरला सांगा, उत्तम मिश्रण काढून दे. सॉल्व्हर मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, एका शेअरमध्ये ६०-७० टक्के टाका, दुसऱ्यात उरलेले, बाकी आठांत शून्य. आकड्यांत जरासा फरक केला की उत्तर पार बदलतं. रिचर्ड मिशॉ याने १९८९ सालीच हे लिहून ठेवलंय, की हे यंत्र अंदाजांतल्या चुका हेरतं आणि नेमकं त्यांवरच सगळे पैसे लावतं. आम्हा आयटीवाल्यांना ‘कचरा घाला, कचराच बाहेर येईल’ हे माहीत असतं, पण इथे यंत्र त्या कचऱ्याला भिंगाखाली धरून मोठा करून दाखवतं. खुद्द मार्कोविट्झने स्वतःच्या निवृत्तीच्या खात्यात काय केलं होतं? निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे बाँडमध्ये. पुढे पश्चात्ताप कमीत कमी व्हावा म्हणून, असं कारण त्यानेच दिलं होतं. माझ्या मते कोर्समधली ही सगळ्यांत शहाणी गोष्ट, आणि ती परीक्षेत येत नाही.

बाजार कार्यक्षम असतो का, यावर तीन आठवडे वाद चालतो. त्यातलं मला पटलेलं एवढंच, आणि तेही शार्पचंच, १९९१ सालचं. सगळे गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. त्यामुळे बाजाराला हरवू पाहणाऱ्या सगळ्यांची मिळून सरासरी, खर्च वजा होण्याआधी, बाजाराइतकीच येणार. खर्च वजा केला की त्याहून कमी. याला आकडेवारी लागत नाही, पाचवीतलं गणित पुरतं. जॉन बोगलने १९७६ साली सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड काढला तेव्हा १५ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, जमले सव्वा कोटीसुद्धा नाहीत. आज आपल्या बहुतेकांच्या ४०१ के खात्यात इंडेक्स फंड असतो.

आता ज्यासाठी हा सगळा विषय काढला तिकडे येते. दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर आमच्या प्राध्यापकांनी एक तक्ता भरून आणायला सांगितला. घरातली प्रत्येक मिळकत लिहा आणि पहिल्या ओळीत पगार लिहा. वर्गात चुळबुळ झाली. पगार हे उत्पन्न, ती मालमत्ता कशी? पण पुढच्या सगळ्या पगारांची आजची किंमत काढली तर बहुतेक घरांत तीच सगळ्यांत मोठी मालमत्ता असते. याला ह्यूमन कॅपिटल म्हणतात. बोडी, मर्टन आणि सॅम्युएलसन यांनी १९९२ साली यावर लिहिलेला लेख वर्गात होता. त्यांचा प्रश्न सरळ आहे. तुमचा पगार कुणासारखा वागतो? कायम नोकरीतल्या प्राध्यापकाचा पगार सरकारी बाँडसारखा असतो, दर महिन्याला ठरलेला. त्याने बचत शेअरमध्ये जास्त ठेवली तर चालतं. ज्याचा पगार बाजाराबरोबर हेलकावे खातो, त्याच्याकडे शेअर आधीच भरपूर असतात, फक्त ते खात्यात दिसत नाहीत.

आता एका घराचा हिशेब मांडू. घर काल्पनिक आहे, पण ऐकताना बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. नवरा-बायको दोघं आयटीत, मिळून वर्षाला दोन लाख डॉलर पगार, अजून वीस वर्षं काम. सहा टक्क्यांनी आजची किंमत काढली तर पगाराची ओळ येते सुमारे २३ लाख डॉलर. कंपनीने दिलेले शेअर २ लाख. ४०१ के मध्ये अडीच लाख. राहत्या घरात कर्ज वजा जाता दीड लाख. हिंजवडीत फ्लॅट, १ लाख २० हजारांचा. एनआरई मुदत ठेव ५० हजार, सोनं ३० हजार, बँकेत रोख ३० हजार. पगार सोडून बेरीज ८ लाख ३० हजार. नवरा म्हणतो, “आपलं सगळं व्यवस्थित विभागलेलं आहे, सात प्रकार आहेत.”

आता पाऊस कुठला ते बघा. अमेरिकन टेक कंपन्यांनी खर्चाला हात आखडता घेतला तर पगार धोक्यात. शेअर त्याच कंपनीचे, ते आधीच घसरलेले. राहतं घर ज्या भागात आहे तिथे गिऱ्हाईक कोण, तर तुमच्यासारखेच आयटीवाले, म्हणजे घराच्या भावालाही थोडी झळ. आणि हिंजवडीचा फ्लॅट? ‘इंडियातली प्रॉपर्टी म्हणजे वेगळी टोपली’ असं आपण धरून चालतो. पण त्या फ्लॅटमधला भाडेकरू कुठे काम करतो? समोरच्या आयटी पार्कात, आणि त्याचं काम कुठून येतं? इथूनच. समुद्र ओलांडून आपण सोयाबीनचीच दुसरी जात लावलेली असते. एकूण ३१ लाखांतले जवळजवळ २८ लाख या एका पावसावर. उरलेल्या ४०१ के मधला इंडेक्स फंडसुद्धा पूर्ण सुटा नाही. एस अँड पी ५०० मध्ये अलीकडच्या वर्षांत आयटी कंपन्यांचं वजन तीस टक्क्यांच्या आसपास असतं.

आणि आपल्या अनेक घरांत यापुढे आणखी एक ओळ असते, जी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. व्हिसाची. एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला किंवा आवरून निघायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसालाही, मुलं इथल्या शाळेत असली तरीही. म्हणजे पगार, शेअर आणि इथे राहण्याचा हक्क या तिन्ही गोष्टींचा सहसंबंध जवळजवळ एक. घर विकायचं तर तेही त्याच ६० दिवसांत, पडत्या भावात. वर्गातल्या कुठल्या अमेरिकन मुलाच्या तक्त्यात ही ओळ नव्हती. आम्हा चौघा-पाच जणांच्या तक्त्यात होती.

हे फार टोकाचं वाटत असेल तर दोन जुने आकडे ऐका. नॅसडॅक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,१०० च्या आसपास आला आणि जुन्या पातळीवर परतायला २०१५ उजाडलं. दुसरं उदाहरण एन्रॉनचं. हे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे चांगलंच ठाऊक आहे. तिच्या कर्मचाऱ्यांच्या ४०१ के मधले साठ टक्क्यांच्या आसपास पैसे कंपनीच्याच शेअरमध्ये होते. ऑगस्ट २००० मध्ये तो शेअर ९० डॉलरला होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तो एका डॉलरच्याही खाली गेला होता. नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकदम गेली. कंपनीने आपल्या वाट्याचे म्हणून दिलेले शेअर पन्नाशीच्या आत विकायची मुभाच नव्हती. २००६ च्या कायद्याने असं अडकवून ठेवणं बंद केलं. आज आपल्याला तसं कुणी अडकवत नाही, आपणच अडकून बसतो.

मग करायचं काय? सिद्धांताप्रमाणे, पगाराच्या रकान्यात जे भरपूर आहे ते बचतीच्या रकान्यात कमी ठेवायचं. सुरुवात कंपनीच्या शेअरपासून. आरएसयू हातात पडतात त्या दिवशी त्यांच्या पूर्ण किमतीवर पगारासारखा कर लागतोच, विका किंवा ठेवा. त्याच दिवशी विकले तर वर जवळजवळ काहीच कर नाही. त्यामुळे ‘आता विकले तर कर बसेल’ हे कारण ताज्या शेअरना लागू नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तेवढी रक्कम कुणी रोख दिली असती तर आपण त्याच दिवशी आपल्याच कंपनीचे शेअर घेतले असते का? जुने, भाव वाढलेले शेअर विकताना मात्र कराचा हिशेब करायला हवा. पण कर हा फायद्याचा एक भाग असतो, आणि शेअर पडला तर तो फायदा सगळाच जातो.

भारतातल्या ठेवींचंही तसंच. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या अखेरीस ८२-८३ ला. म्हणजे रुपया वर्षाला साधारण पाच टक्क्यांनी उतरला. सात टक्के व्याजाची ठेव डॉलरमध्ये मोजली तर दोन टक्क्यांवर येते. एनआरई ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, पण अमेरिकेत आहे. मग ती ठेव वाईट का? नाही. आई-बाबांचं औषधपाणी, बहिणीच्या लग्नाचा खर्च, परत जायचा बेत, हे सगळं रुपयांत लागणार असेल तर पैसे रुपयांतच असलेले बरे. खर्च ज्या चलनात, पैसे त्या चलनात, हेही कोर्समधलंच. मुलांच्या इथल्या कॉलेजसाठी मात्र रुपयात साचवणं म्हणजे वर आणखी एक धोका घेणं. भारतातले म्युच्युअल फंड घेण्याआधी सीपीएला जरूर विचारा. अमेरिकेच्या कर खात्याच्या दृष्टीने ते ‘पीएफआयसी’ ठरतात, प्रत्येक फंडासाठी सहसा ८६२१ नंबरचा वेगळा फॉर्म लागतो आणि कर जबरदस्त बसू शकतो. बँकेतला माणूस हे सांगत नाही.

सोन्याबद्दल सासूबाईंशी माझे मतभेद आहेत. पण त्याचा चढउतार टेक शेअरच्या तालावर चालत नाही, हे मला मान्य करावं लागतं. अंगावर घालायचं सोनं मात्र या तक्त्यात धरू नका, ते विकायची वेळ आली तर आपण दुसरं काहीही विकू.

या सिद्धांताला तडे आहेत आणि ते वर्गातही सांगतात. एरवी वेगवेगळं वागणारी बाजारातली मंडळी घबराटीत एकसारखी वागतात. २००८ मध्ये अमेरिकेतले, युरोपातले, भारतातले शेअर बाजार सगळे एकदम कोसळले. २०२२ मध्ये तर एस अँड पी ५०० सुमारे १८ टक्के पडला आणि त्याला आधार म्हणून धरलेले बाँडही सुमारे १३ टक्के. दुष्काळात विहिरी आटतात, तसं. म्हणून तक्त्यातली शेवटची ओळ, रोख, ही पुस्तकात जेवढी क्षुल्लक दिसते तेवढी आपल्याला नाही. पुस्तक सांगतं, रोख म्हणजे तीन महिन्यांची ट्रेझरी बिलं, धोका शून्य, परतावा कमी, पुढे चला. एच-१बी वरच्या घराने ती वेगळी मोजावी. ६० दिवसांचा घरखर्च, घराचा हप्ता किंवा भाडेकरार मोडण्याचा दंड, आरोग्य विमा कोब्राखाली स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा खर्च, चौघांची विमानाची तिकिटं, सामानाचा कंटेनर, आणि पुण्यात किंवा नागपुरात पोचल्यावर शाळेचा प्रवेश आणि पहिले काही महिने. ही बेरीज बहुतेक घरांत तीस हजारांच्या बरीच वर जाते. घरातल्या दोघांनी एकत्र बसून ती एकदा कागदावर मांडा. दोघांपैकी एकालाच पासवर्ड माहीत असतील, तर तोही धोका त्याच कागदावर लिहा.

प्रश्न असतील तर कार्यक्रमाकडे पाठवा, कराचे मात्र सीपीएकडे.